पेट्रोलवरून बॅटरीवर: चेनसॉ आणि बागेची यंत्रं बदलण्याचा योग्य क्रम

बॅटरीवरचा चेनसॉ घेतला, चार फांद्या कापल्या आणि ‘यात दम नाही’ म्हणून कोपऱ्यात टाकला, अशी तक्रार सतत कानावर येते. खोलात गेलं की यंत्रात क्वचितच खोट निघते. आधी चेनसॉ घेतलेला असतो, त्यासोबत आली ती एकच लहान बॅटरी, चार्जर सगळ्यात हळू चालणारा आणि कापायची पद्धत पेट्रोलच्या मशीनची. हा क्रमच उलटा आहे. या बदलात खरी खरेदी बॅटरी आणि चार्जरची असते. यंत्रं त्यांच्यामागून येतात. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिले पाच टप्पे तर एकही यंत्र घरात येण्याआधीचे आहेत.

## टप्पा १: आधी कामाची नोंद

जुनं पेट्रोलचं यंत्र चालू आहे तोवरच ही नोंद करा. वहीत चार रकाने आखा: यंत्र कोणतं, ट्रिगर प्रत्यक्षात किती मिनिटं दाबलेला होता, पेट्रोल किती गेलं आणि चेनसॉ असेल तर सगळ्यात जाड लाकूड किती जाडीचं होतं.

दुसऱ्या रकान्यात बहुतेकांची फसगत होते. ‘तासभर लाकूड कापलं’ असं आपण सहज म्हणतो. त्यातला बराच वेळ फांद्या ओढण्यात, ओंडका फिरवण्यात, उभं राहायची जागा बदलण्यात गेलेला असतो. साखळी लाकडात असते ती साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. पेट्रोलचं इंजिन मधल्या वेळातही धडधडत पेट्रोल पीत राहतं. बॅटरीचं यंत्र ट्रिगर सोडला की जवळपास काहीच खात नाही. त्यामुळे घड्याळाची मिनिटं धरली तर गरजेच्या तिप्पट बॅटऱ्या घ्याल आणि नुसत्या अंदाजावर गेलात तर कमी पडतील.

ट्रिगरची मिनिटं मोजणं जमलं नाही तर पेट्रोलवरून ढोबळ हिशेब निघतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९,००० वॉट-तास ऊर्जा असते. लहान टू-स्ट्रोक इंजिनात त्यातला मोठा भाग उष्णता आणि धूर होऊन जातो. साखळीपर्यंत साधारण सहावा हिस्सा पोचतो, म्हणजे १,५०० वॉट-तास. मधल्या रिकाम्या धडधडीचं पेट्रोल वजा केलं की १,००० ते १,५०० वॉट-तासांची तरतूद धरायला हरकत नाही. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत १८० वॉट-तास असतात. म्हणजे दिवसाला लिटरभर पेट्रोल जाळणाऱ्याला अशा सहा ते आठ बॅटऱ्यांइतकी ऊर्जा लागेल. आकडा मोठा आहे, पण तो खरेदीआधी कळलेला बरा.

तपासा: वहीत निदान एक जड कामाचा दिवस आलाय ना? हलक्या दिवसांवरून केलेला हिशेब वादळात झाड पडलं की कोलमडतो.

## टप्पा २: काय बदलायचं, काय राहू द्यायचं

सगळी यंत्रं एकदम बदलायची काही गरज नाही. नोंदी बघून यंत्रांचे तीन गट करा.

कुंपणाची झुडपं छाटायचा हेज ट्रिमर, उंच फांद्या कापायचा काठीवरचा सॉ, लहान चेनसॉ आणि घराभोवतीचं गवत फिरत्या दोऱ्याने कापायचं यंत्र ही निःशंकपणे बदला. यांचं काम थांबत थांबत चालतं, आणि तिथे बॅटरी पेट्रोलपेक्षा सरस ठरते.

पालापाचोळा हवेने लोटणारा ब्लोअर आणि हिरवळीवर ढकलत न्यायचा लॉनमोवर यांचा विचार हिशेब करून करा. यांचा ट्रिगर सलग दाबलेला राहतो, म्हणून बॅटरी भराभर उतरते.

वीज नसलेल्या जागी दिवसभर झाडं तोडायची असतील, किंवा ४० सेंटिमीटरहून जाड बुंधे नेहमीचे असतील, तर पेट्रोलचा मोठा चेनसॉ ठेवा. मोठे बॅटरी सॉ हे काम करतात, पण त्यांच्यामागे बॅटऱ्यांची जी फौज न्यावी लागते ती बहुतेकांना झेपत नाही. इथे हट्ट धरून काही मिळत नाही.

## टप्पा ३: बॅटरीची सिस्टिम निवडा

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात सहसा बसत नाही. आज घेतलेली पहिली बॅटरी पुढची कित्येक वर्षं तुमची खरेदी ठरवणार असते. म्हणून दुकानात जाण्याआधी, टप्पा २ मध्ये बदलायची ठरलेली सगळी यंत्रं एकाच बॅटरीवर मिळतात का ते बघा. एखाद्या सिस्टिमचा चेनसॉ उत्तम असतो, पण तिच्यात हेज ट्रिमरच नसतो.

### व्होल्टचा आकडा कसा वाचायचा

लिथियम-आयन सेलचा सर्वसाधारण व्होल्टेज ३.६ धरतात आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ पर्यंत जातो. पाच सेल एकापुढे एक जोडले की पहिल्या मोजणीने १८ व्होल्ट होतात, भरलेल्या अवस्थेत २० च्या वर. त्यामुळे एका खोक्यावर ‘१८ व्होल्ट’ आणि दुसऱ्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ असलं तरी आतला माल सारखाच असतो. ३६ आणि ४०, ५४ आणि ६० या जोड्यांचंही तसंच. मोठा आकडा दिसला म्हणून जास्त पैसे मोजू नका.

तुलना वॉट-तासांची करा. व्होल्टला अँपिअर-तासाने गुणायचं. १८ गुणिले ५ म्हणजे ९०, ३६ गुणिले २.५ म्हणजेही ९०. दोन्हींत साठा सारखाच.

मग व्होल्टने फरक पडतच नाही का? पडतो, पण तो जोर लावताना. चेनसॉला १,५०० वॉट हवे असतील तर १८ व्होल्टच्या बॅटरीतून ८३ अँपिअर ओढावे लागतात, ३६ व्होल्टच्या बॅटरीतून जेमतेम ४२. तारेत आणि सेलमध्ये होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मनगटाएवढ्या फांद्यांपुरता १८ व्होल्ट ठीक आहे. ओंडके कापायचे असतील तर ३६ किंवा त्यावरचं बघा. १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकदम बसणारा सॉही चालेल.

आणखी एक गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या नेहमीच्या बॅटरीत दहा सेल दोन रांगांत असतात, त्यामुळे करंट वाटला जातो. २.५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत एकच रांग, आणि सगळा भार तिच्यावर. ही लहान बॅटरी चेनसॉला लावली की ती निम्मा वेळ चालते, वर तापते, तिचा व्होल्टेज दबतो आणि सॉ मधेच बंद पडतो. ‘यात दम नाही’ या तक्रारीचं मूळ फार वेळा इथेच सापडतं.

इशारा: एका कंपनीची बॅटरी दुसऱ्याच्या यंत्राला जोडणारे अडॅप्टर मिळतात. बॅटरी आणि यंत्र यांच्यात तापमानाची आणि सेलच्या अवस्थेची जी देवाणघेवाण होते, ती अशा अनेक अडॅप्टरमध्ये तुटते. चेनसॉसारख्या जोर खाणाऱ्या यंत्राला अडॅप्टर लावू नका.

## टप्पा ४: बॅटऱ्या किती आणि चार्जर कोणता

आधी चार्जर. ५ अँपिअर-तासाची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरवर अडीच तासांहून जास्त वेळ घेते. ८ अँपिअरचा चार्जर तेच काम पाऊण तासाच्या आसपास करतो, कारण शेवटचा थोडा भाग तो मुद्दाम हळू भरतो. ‘बॅटरीसह’ मिळणाऱ्या संचात अनेकदा हळू चार्जर असतो. माझं स्पष्ट मत असं की एक जादा बॅटरी कमी घेतली तरी चालेल, पण चार्जर जलदच घ्या.

आता बॅटऱ्या. सलग कामासाठी हे सूत्र वापरा: थंड व्हायचा वेळ आणि चार्जिंगचा वेळ यांची बेरीज करा, तिला एक बॅटरी जितका वेळ चालते त्याने भागा, आणि उत्तरात एक मिळवा.

समजा बॅटरी १५ मिनिटं चालते, थंड व्हायला १५ मिनिटं लागतात आणि भरायला ४५. बेरीज ६०. ब्लोअरसारखा ट्रिगर सलग दाबलेला असेल तर ६० भागिले १५ म्हणजे चार, अधिक एक, एकूण पाच बॅटऱ्या. त्यातल्या तीन एकाच वेळी भरत असतात, म्हणून चार्जरही तीन लागतील. चेनसॉवर मात्र ट्रिगरची १५ मिनिटं म्हणजे घड्याळाची सुमारे ४५. मग ६० भागिले ४५ म्हणजे सव्वाच्या वर, त्यात एक मिळवून वर ओढलं की तीन बॅटऱ्यांत दिवस निघतो: एक सॉमध्ये, एक थंड होतेय, एक चार्जरवर. टप्पा १ मधली वही इथे कामी येते.

हे सूत्र चार्जर जवळ असेल तेव्हाचं. वीज नसलेल्या ठिकाणी जाताना दिवसभराचा सगळा साठा बरोबर न्यावा लागतो. तिथे वॉट-तासांची सरळ बेरीज करा.

इशारा: गाडीच्या लायटर सॉकेटवर जलद चार्जर चालेल असं गृहीत धरू नका. १२ व्होल्टचं ते सॉकेट १० ते १५ अँपिअरच्या फ्यूजवर असतं, म्हणजे १२० ते १८० वॉट. ३६ व्होल्टच्या बॅटरीत ८ अँपिअर सोडणाऱ्या चार्जरला ३०० वॉटहून जास्त लागतात. फ्यूज उडेल.

## टप्पा ५: चार्जिंगची जागा तयार करा

यंत्र येण्याआधी जागा तयार हवी. सावलीत, कोरडी, हवा खेळती, खाली फरशी किंवा पत्रा. लाकडी फळी, पुठ्ठ्यांचा ढीग, पेट्रोलचा डबा, भुसा यांपासून लांब. बाहेर पडायच्या दाराजवळ किंवा जिन्याखाली चार्जर लावू नका, कारण कधी आग लागलीच तर तीच तुमची वाट असते.

शून्य अंशाखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची बिघडते. ४५ अंशांच्या वर तापलेली बॅटरी बहुतेक चार्जर घेतच नाहीत, नुसता दिवा लुकलुकत ठेवतात. लोकांना वाटतं चार्जर बिघडला. बॅटरी सावलीत ठेवा, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग लावा. लवकर थंड व्हावी म्हणून फ्रीजमध्ये ठेवणं किंवा ओल्या फडक्यात गुंडाळणं अजिबात नको.

## टप्पा ६: सोप्या यंत्रापासून सुरुवात

पहिलं यंत्र हेज ट्रिमर घ्या. ते सगळ्यात कमी खातं, आणि बॅटरी काढण्या-घालण्याची, चार्जरच्या दिव्यांची सवय त्यावर बिनधास्त होते.

मग गवताचं यंत्र. दोन चुका इथे ठरलेल्या. एक, ‘लवकर काम होईल’ म्हणून जाड दोरा भरणं. जाड दोरा हवेलाच जास्त अडतो, मोटरवर भार येतो आणि बॅटरी लवकर उतरते. यंत्रावर लिहिलेल्या जाडीचाच दोरा घ्या. दुसरी चूक जास्त महाग पडते: संरक्षक कव्हर काढून टाकणं. दोरा ठरलेल्या लांबीवर छाटणारी लहानशी पाती त्या कव्हरवरच असते. कव्हर गेलं की दोरा लांबतो, मोटर तापते, आणि उडणारे खडे थेट नडगीवर येतात ते वेगळंच.

ब्लोअर घेतला असेल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते आणि बॅटरी दुप्पट चालते. सुका पालापाचोळा लोटायला टर्बोचं बटण लागत नाही. ते चिकटून बसलेल्या ओल्या पानांपुरतं राखून ठेवा.

## टप्पा ७: चेनसॉ जुळवा

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: पेट्रोलचा सॉ आवाज करत असतो, म्हणून तो जिवंत आहे हे तुम्हालाही कळतं आणि आजूबाजूच्यांनाही. बॅटरीचा सॉ गप्प असतो. आत बॅटरी आहे आणि यंत्र चालू केलेलं आहे तर त्या शांततेतही तो ट्रिगरच्या एका दाबावर आहे. साखळीला हात लावण्याआधी, मग ती ताणायची असो, धार लावायची असो की अडकलेली साल काढायची असो, बॅटरी बाहेर काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. याला अपवाद ठेवू नका.

### साखळीचे तीन आकडे

जुन्या पेट्रोल सॉची साखळी नव्यावर चढवायचा मोह होतो. बहुतेक वेळा ती बसत नाही, आणि कशीबशी बसवली तर बार, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, खराब होतो. साखळी तीन आकड्यांनी ठरते: पिच (म्हणजे कड्यांमधलं अंतर), बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, आणि त्या कड्यांची संख्या. हे आकडे सहसा बारवर कोरलेले असतात, नाहीतर यंत्राच्या पुस्तिकेत मिळतात. बॅटरीच्या अनेक सॉवर १.१ मिलिमीटर जाडीच्या कडीची अरुंद साखळी असते, पेट्रोलच्या सॉवर बहुधा १.३ ते १.६ मिलिमीटरची. अरुंद साखळी लाकडात बारीक खाच पाडते, त्यामुळे त्याच कापाला कमी ऊर्जा लागते. कंपनीने दिली त्याहून लांब बार लावला तर हा सगळा फायदा गेला.

### ताण कसा बघायचा

बॅटरी काढलेली, चेन ब्रेक (पुढच्या हँडलसमोरचा, साखळी थांबवणारा दांडा) सोडलेला, हातात मोजे. बारच्या वरच्या बाजूला मध्यावर साखळी चिमटीत धरून वर उचला. आतल्या कड्या थोड्या वर याव्यात, पण खाचेतून पूर्ण बाहेर पडता कामा नयेत. सोडली की साखळी झटकन जागेवर बसायला हवी, आणि बारच्या खालच्या कडेला ती लोंबलेली दिसता कामा नये. मग हाताने पुढे ओढून बघा. अडकत अडकत सरकली तर ताण जास्त झालाय. अशी साखळी कापण्याआधीच बॅटरीतला बराच जोर खाते.

नवी साखळी पहिल्या काही कापांतच सैल पडते. तापलेली साखळीही लांबते. तापलेली असताना ताणलीत तर काम संपल्यावर पुन्हा सैल करा, नाहीतर थंड होऊन आखडते आणि बार व मोटरच्या शाफ्टवर भार ठेवते.

### तेल विसरण्याची चूक

पेट्रोलच्या सॉमध्ये पेट्रोल आधी संपतं, साखळीचं तेल मागून. म्हणून पेट्रोल भरताना तेलही भरायचं हे हाताला बसलेलं असतं. बॅटरीच्या सॉमध्ये पेट्रोल भरणंच नाही, त्यामुळे ती आठवण करून देणारी वेळच येत नाही आणि टाकी कोरडी पडते. कोरडी साखळी निळसर-काळी पडते, बारच्या कडा खरवडल्या जातात. नवा नियम असा: बॅटरी बदलली की तेल बघायचं. वापरलेलं इंजिन ऑइल ओतू नका. त्यात धातूचे कण असतात, आणि ते सगळं माती-पानांवर उडतं.

तपासा: बारचं टोक पुठ्ठ्यासमोर जरा अंतरावर धरून काही सेकंद सॉ चालवा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर तेलाचं भोक भुश्याने बुजलंय. बॅटरी काढा, कव्हर उघडा, साफ करा.

## टप्पा ८: पहिले काप

पहिल्या दिवशी उभ्या झाडाकडे जाऊ नका. न हलणारा, दोन्हीकडून टेकलेला, बारच्या निम्म्या लांबीएवढ्या जाडीचा ओंडका घ्या.

हेल्मेट, चेहऱ्याची जाळी, मोजे, बूट आणि कापरोधक पँट पेट्रोलच्या सॉसाठी वापरता तेच इथेही लागतं. कानांचं संरक्षणसुद्धा. आवाज कमी असला तरी लाकूड कापताना तो ८५ डेसिबलच्या वर जातो, आणि तिथूनच पुढे रोजच्या कामाने कान बिघडतात. कापरोधक पँटचे धागे साखळीत गुंतून स्प्रॉकेट (साखळी फिरवणारं दातेरी चाक) अडवतात, हे तिचं काम. विजेची मोटर कमी वेगातही भरपूर पीळ देते, म्हणून शक्तिशाली सॉ तितक्या सहज अडेलच असं नाही. पँट घाला, पण तिच्या भरवशावर पाय बारच्या रेषेत ठेवू नका.

हातांना ज्या सवयी बदलाव्या लागतील त्या अशा.

दाबणं बंद करा. पेट्रोलच्या सॉवर जोर दिला की इंजिन घोगरं होतं आणि क्लच घसरतो, तुम्हाला आधी इशारा मिळतो. बॅटरीच्या सॉवर जोर दिला की काही क्षण तो खेचतो आणि मग इलेक्ट्रॉनिक संरक्षण त्याला सरळ बंद करतं. सॉचं स्वतःचं वजन पुरेसं असतं, हातांनी फक्त दिशा द्यायची. आवाज लहान असला तरी त्याची पट्टी ऐका. ती खाली उतरू लागली की दाब हलका करा.

साखळी पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावा. आधी टेकवून मग ट्रिगर दाबला तर दात लाकडात रुततात, सॉ झटका देतो आणि बॅटरीतून एकदम जास्त करंट ओढला जातो.

बंद पडला तर पुन्हा पुन्हा ट्रिगर मारू नका. ट्रिगर सोडा, सॉ खाचेतून बाहेर घ्या, दहा-पंधरा सेकंद थांबा. पुन्हा बंद पडला तर बॅटरी हाताला कशी लागते ते बघा आणि साखळीची धार तपासा. खाचेत बार अडकून बसला असेल तर आधी बॅटरी काढा, मग पाचर ठोका.

उसळी तशीच येते. बारच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला लागला की सॉ मागे-वर उसळतो, मग तो पेट्रोलचा असो की बॅटरीचा. वजन कमी म्हणून बॅटरीचा सॉ एका हाताने चालवणारे दिसतात. हे ताबडतोब थांबवा. मागचं हँडल उजव्या हातात, पुढचं डाव्या, अंगठा खालून वळवलेला.

चालताना ब्रेक लावा. दोन पावलांहून जास्त हलायचं असेल तर चेन ब्रेक पुढे ढकला. झाडावरून झाडाकडे जाताना किंवा सॉ जमिनीवर ठेवताना बॅटरीच काढा. मदतीला माणूस असेल तर खूण आधी ठरवा. आवाज नाही म्हणून तो सहज जवळ येतो, ही नवी जोखीम आहे.

तपासा: खाली काय पडतंय बघा. चौकोनी, जाडसर ढलपे पडत असतील तर साखळी कापतेय. पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर ती घासतेय. लगेच थांबा आणि पुढच्या टप्प्याकडे जा.

## टप्पा ९: धार, पेट्रोलपेक्षा दुप्पट लक्ष देऊन

पेट्रोलच्या मोठ्या सॉमध्ये जोर एवढा जादा असतो की बोथट साखळीही रेटून नेता येते. बॅटरीच्या सॉमध्ये तो जादा जोर नसतो. बोथट दातांची किंमत मिनिटांत मोजावी लागते: तीच बॅटरी, तेच लाकूड, आणि काप कमी.

यासाठी सोपी चाचणी आहे. साखळी नवी असताना एका बॅटरीत ठरावीक जाडीचे किती काप होतात ते एकदा मोजून वहीत लिहा. पुढे हा आकडा पाव हिस्स्याने खाली आला की आधी कानस घ्या. बॅटरी जुनी झाली असं लोक लगेच ठरवतात आणि नवी विकत आणतात. धार लावल्यावर जुनीच पुन्हा पहिल्यासारखी चालते.

कानस साखळीनुसार घ्या. ३/८ लो-प्रोफाइल आणि पाव इंची पिचच्या साखळ्यांना साधारणपणे ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, ०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची. तुमच्या साखळीसोबतच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. बॅटरी काढा, बार शिकंजात घट्ट धरा. सगळ्यात आखूड दात शोधा, त्यापासून सुरुवात करा, आणि बाकीचे त्याच्याच लांबीवर आणा. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने चालवा, परत आणताना उचलून घ्या. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. एका बाजूचे दात लांब राहिले की सॉ खाचेत तिरका जातो.

दाताच्या पुढचा जो उंचवटा असतो तो दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो मापाच्या पट्टीने बघा, डोळ्यांनी नको. इथे ‘जरा जास्त घासलं तर जास्त कापेल’ असा विचार करणारे पुष्कळ. दात मग मोठा घास घेतो, मोटर अडते, सॉ सारखा बंद पडतो आणि उसळीचा धोका वाढतो.

## टप्पा १०: काम संपल्यावर

बॅटरी काढा. कव्हर उघडून ब्रशने भुसा झाडा, हवेच्या खिडक्या आणि बॅटरीची खाच मोकळी करा. पाण्याचा पाइप यंत्रावर धरू नका. सॉ टांगून ठेवणार असाल तर खाली पुठ्ठा टाका, कारण टाकीतलं तेल थोडं झिरपतंच.

रोजचा वापर असेल तर बॅटरी भरून ठेवली तरी चालते. महिनाभर किंवा जास्त काळ यंत्र लागणार नसेल तर बॅटरी ४० ते ६० टक्के भरलेली, यंत्राबाहेर, थंड कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत पडून राहिली की तिची क्षमता झपाट्याने घटते. उन्हात उभी गाडी ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. उलट पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच विसरली तर सेलचा व्होल्टेज इतका खाली जातो की चार्जर तिला ओळखतच नाही. दर तीन महिन्यांनी एकदा बॅटरीवरचे दिवे बघा.

खिळे-स्क्रूच्या डब्यात बॅटरी टाकू नका, टर्मिनल जुळले की ठिणगी पडते.

इशारा: फुगलेली, तडकलेली, जोरात आपटलेली किंवा गोडसर-उग्र वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. ती घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. धूर येऊ लागला तर जवळ जाऊ नका. तो विषारी असतो. माणसं बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

## टप्पा ११: पेट्रोलची यंत्रं बंद करताना

पहिला पूर्ण हंगाम जाईपर्यंत काहीही विकू नका. वहीतला जड दिवस बॅटरीवर निभावला की मगच ठरवा.

ठेवायचं यंत्र आहे तसं कोपऱ्यात उभं करू नका. टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिना-दोन महिन्यांत बिघडू लागतं, आणि त्यात इथेनॉल असेल तर ते ओल धरतं. कार्ब्युरेटर चिकट होऊन बसतो. उघड्या हवेत, इंजिन थंड असताना टाकी रिकामी करा. मग यंत्र चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधलंही संपेल. पुन्हा थंड झालं की स्पार्क प्लग काढा, आत टू-स्ट्रोक ऑइलचे काही थेंब सोडा, दोरी हलकेच दोन-तीनदा ओढा आणि प्लग परत बसवा. काढलेलं मिश्रण गटारात किंवा मातीत ओतू नका. ते घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या डब्यात, चार्जिंगच्या जागेपासून लांब ठेवा आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्या.

राखून ठेवलेल्या मोठ्या सॉवर एक चिठ्ठी बांधा: टाकी रिकामी केल्याची तारीख, मिश्रणाचं प्रमाण आणि साखळीचे तीन आकडे. वादळानंतर घाईत तो बाहेर काढायची वेळ आली, तर जवळ दोन वेगळ्या साखळ्या असतील आणि कोणती कुठली हे त्या चिठ्ठीवरूनच कळेल.